न तोडायची पानं

सुभद्रा चुरीला वसईच्या त्या कॉलेजात लागून तीन वर्षं झाली होती, तरी प्रयोगशाळेत शिरताना ती चपला बाहेर काढायची. कोणी तसं सांगितलं नव्हतं. तिच्या गिरीज गावच्या वाड्यांत पानवेलीत पाऊल टाकायच्या आधी चपला काढतात, ती लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. जिथे झाडापाल्याची जपणूक चालते ती प्रत्येक जागा तिला पानवेलीच्या बरोबरीची वाटत असावी. विद्यार्थी हसायचे. ती हसू द्यायची, पण चपला दाराबाहेरच राहायच्या.

तिचा नवरा गंगाराम याच वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. काविळीने दहा दिवसांत तो गेला, तेव्हा कॉलेजने माणुसकी दाखवून त्याच्या जागी सुभद्राला घेतलं. माणुसकी दाखवली, पण अर्धीच. नेमणूक तात्पुरती ठेवली. दर वर्षी विभागप्रमुख म्हात्रे सर तिच्या कामावर शेरा लिहिणार आणि शेरा बरा असला तर पुढचं वर्ष. सुभद्रा मुळातच काळजीखोर, त्यात हा शेरा. संध्याकाळी कुलूप लावून ती एसटी स्टँडवर पोचली की तिच्या मनात यायचं, स्पिरिटचा दिवा विझवला ना? मग ती उलटपावली परत. दिवा विझलेलाच असे, सहाची बस मात्र गेलेली असे. तीन वर्षांत एकदाही दिवा पेटता सापडला नव्हता, पण म्हणून यापुढे सापडणार नाही याची हमी कोण देणार, असं तिचं म्हणणं.

शिक्षण चौथीपर्यंत. बरण्यांवरची लॅटिन नावं तिला वाचता येत नसत, पण अक्षरांच्या आकारावरून ती प्रत्येक बरणी ओळखायची. मागितलेली बरणी चुकली असं कधी झालं नाही. म्हात्रे सर वर्गात म्हणायचे की तुमच्यापेक्षा सुभद्राबाईंना जास्त येतं. हे ऐकून तिला बरं वाटायच्या ऐवजी धास्तीच वाटे. एवढी स्तुती झाली म्हणजे आता काहीतरी फुटणार.

एक्याऐंशी साल कॉलेजला चांगलं गेलं. एक मुलगा विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आला. दोन मुली विद्यापीठाच्या खो-खो संघात गेल्या. म्हात्रे सर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर झाले आणि त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. पण सगळ्यांत मोठी बातमी होती उर्सुलाची.

उर्सुला डाबरे गिरीजचीच, ऑगस्टीन डाबऱ्यांची मुलगी. याच कॉलेजातून बी.एस्सी. झाली, आता इथेच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मुलांची प्रात्यक्षिकं घेत होती आणि म्हात्रे सरांच्या हाताखाली एम.एस्सी.चं संशोधन करत होती. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांची शिष्यवृत्ती होती. अख्ख्या विद्यापीठातून एकालाच. पहिल्या चाळणीत तिघं उरले आणि त्यांत उर्सुलाचं नाव होतं. चौदा डिसेंबरला मुंबईत मुलाखत. प्राचार्यांनी ही बातमी भर सभेत सांगितली तेव्हा मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सुभद्राच्या कपबशा वाजू लागल्या. लहानपणी हीच पोर तिच्या अंगणातल्या चिकूच्या झाडावरून पडली होती. कॉलेजात ती तिला ‘मॅडम’ म्हणायची आणि परतीच्या बसमध्ये ‘उर्सुला’. उर्सुला मात्र दोन्हीकडे ‘मावशी’च म्हणायची.

बसमध्येच एकदा उर्सुलाने तिला सांगितलं होतं की बापाने नाताळापर्यंत मुदत दिली आहे. बंगळूर मिळालं तर ठीक, नाहीतर कुवेतला असणारा एक मुलगा सुट्टीवर येतोय, जानेवारीत लग्न. ऑगस्टीनने हे आरडाओरडा न करता सांगितलं होतं, म्हणून त्यावर भांडताही येत नव्हतं. त्या दिवसापासून सुभद्राच्या काळज्यांत आणखी एकीची भर पडली, आणि ती बाकीच्यांपेक्षा मोठी होती.

उर्सुलाचं संशोधन केळीवरच्या करप्याचं. वसईच्या वाड्यांत केळीच्या पानांवर पावसाळ्याच्या शेवटी तपकिरी ठिपके पडतात, ते पसरत पसरत पान वाळतं, त्याला करपा म्हणतात. प्रयोगशाळेच्या मागे विहिरीशेजारी तिने जूनमध्ये केळीच्या दोन ओळी लावल्या होत्या, बारा-बारा झाडांच्या. पहिल्या ओळीवर मोरचूद आणि चुन्याचं औषध मारायचं. दुसऱ्या ओळीवर काहीच नाही. दर शनिवारी प्रत्येक झाडाची करपलेली पानं मोजायची, किती अर्धी, किती पूर्ण, आणि वहीत मांडायचं. औषधाचा गुण किती, हे त्या दुसऱ्या ओळीशी ताडून बघितल्यावरच कळणार होतं. चार महिने ती झाडांना दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नव्हती. सुभद्राने फार तर विहिरीची बादली ओढून द्यायची.

दिवाळीच्या सुट्टीत उर्सुलाला तीन आठवडे मुंबईच्या ग्रंथालयात जुने अंक चाळायचे होते. राहायची सोय वांद्र्याला आत्याकडे. जाताना तिने वही सुभद्राच्या हातात दिली. पाणी किती घालायचं, पहिल्या ओळीला औषध कधी मारायचं, शनिवारी कसं मोजायचं, दुसऱ्या ओळीला औषधाचा थेंबही लागू द्यायचा नाही, सगळं दोनदा सांगितलं. सुभद्राने चारदा विचारून घेतलं. एक गोष्ट उर्सुलाने सांगितली नाही, कारण ती सांगावी लागेल असं तिच्या डोक्यातच आलं नाही. चार महिने ती आपला हात आवरूनच त्या ओळींत वावरत होती, त्यामुळे दुसऱ्याचा हात आवरावा लागेल हे ती विसरून गेली. आणि सुभद्राने ते विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलं नाही.

पहिला शनिवार नीट पार पडला. सुभद्राने एक एक पान बोटाने मोजलं, पुन्हा मोजलं आणि मग पेन्सिलीने आकडा लिहिला. पुढच्या आठवड्यात दिवाळी आली. शुक्रवारी ती प्रयोगशाळा आवरायला लागली. सणाच्या आधी आवराआवर सगळेच करतात आणि घरापेक्षा इथली जास्त नेटाने करायची असा तिचा नेम होता. टेबलं पुसली, बरण्या पुसल्या, मग मागची बाजू झाडायला घेतली. केळीखालचा पाला ओढला. ओढता ओढता वर बघितलं तर दुसऱ्या ओळीतली खालची पानं करपून लोंबत होती. कोयता कमरेला होताच. गिरीजला वाडीतून चालणारं कोणीही, अगदी लग्नाला निघालेलं माणूससुद्धा, असं पान दिसलं की थांबून ते छाटतं. रोग पसरू नये म्हणून छाटायचं आणि जाळायचं. त्यासाठी विचार करावा लागत नाही. लेकराच्या तोंडाला लागलेलं पुसतो तसा हात जातो. सुभद्राचा हात गेला. बारा झाडांची रोगट पानं तिने देठापासून उतरवली, अर्धी करपली होती त्यांचा करपलेला भाग छाटला, सगळा ढीग कुंपणापाशी नारळाच्या चोडांबरोबर, सोललेल्या सालींबरोबर जाळला आणि राख विहिरीपासून दूर टाकली. झाडं कशी मोकळी दिसायला लागली. त्या दिवशी ती सहाच्या बसने वेळेवर घरी गेली आणि दिव्याची आठवणसुद्धा तिला झाली नाही.

शनिवारी सकाळी वही आणि पेन्सिल घेऊन ती दुसऱ्या ओळीपाशी आली. एक नंबरच्या झाडाकडे तिने पाहिलं. मोजायला काही नव्हतं.

दोन नंबर, तीन नंबर, पार बारापर्यंत ती गेली आणि परत एकपाशी आली. मग ती तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसली. औषध न मारलेली झाडं औषध मारलेल्या झाडांपेक्षा स्वच्छ उभी होती. चार महिन्यांची मेहनत तिने एका दिवसात झाडलोट करता करता जाळून टाकली होती. आणि त्या मेहनतीवर कोणाचा जन्म टांगलेला आहे, हे तिच्याइतकं कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं.

सरळ म्हात्रे सरांच्या घरी जाऊन सांगावं, हा विचार तिच्या मनात आला. पण सर सुट्टीत कोकणात गेले होते. वांद्र्याला जावं, तर आत्याचा पत्ता नाही. खरं सांगायचं तर पत्ता मिळाला असता. ऑगस्टीनच्या घरी विचारलं की झालं. पण तिला तो मिळायला नको होता. तिला शेरा दिसत होता, उर्सुलाचं तोंड दिसत होतं. भीतीत माणूस जे करतं तेच तिने केलं. मागच्या शनिवारचे आकडे बघितले, प्रत्येकात एक-दोन मिळवले आणि लिहून टाकले. ती पानं झाडावर असती तर तेवढीच भरली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. करपा कसा चढतो ते ती जन्मापासून बघत आली होती. आकडे खोटे होते, पण चुकीचे नव्हते, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती समजूत लक्ष्मीपूजनापर्यंतही टिकली नाही.

एकतीस तारखेला पुन्हा तेच केलं. या वेळी सहा नंबरपुढचा आकडा तिला खोडून परत लिहावा लागला. झाडांनी तर वैर धरल्यागत वागायला घेतलं होतं. रोगाचं मूळच जळाल्यामुळे नवी पानं निघत होती ती तुकतुकीत, डागाविना. वहीत रोग वाढत होता आणि झाडावर उतरत होता. सोमवारी नऊ नोव्हेंबरला उर्सुला येणार, मागच्या दारातून बाहेर पडणार आणि तिला एका नजरेत सगळं कळणार.

मग सुभद्राच्या मनात जे आलं ते वाडीतल्या माणसाच्या मनात येऊ नये. सात तारखेच्या शनिवारी पहाटे ती दिराच्या वाडीत गेली. तिथली करपलेली पानं तिने पिशवीत भरली. ओली करून ती चांगल्या पानांवर घासली, देठाशी खोचून ठेवली, की चार-आठ दिवसांत रोग धरतो. सोमवारी निदान खोचलेली पानं तरी करपलेली दिसतील. पहिल्या बसने ती कॉलेजात आली, पिशवी भिजवली, एक पान बाहेर काढलं आणि एक नंबरच्या झाडासमोर उभी राहिली. पोंग्यातून नवं पान उलगडत होतं. आजवर हजारो झाडांचा रोग तिने काढला होता, लावला एकालाही नव्हता. तिचा हात पुढे गेलाच नाही. किती वेळ ती उभी होती कोण जाणे, पिशवीतलं पाणी गळून पायाशी चिखल झाला. शेवटी ती सगळी पानं तिने कुंपणापाशी नेऊन जाळली आणि त्या दिवशीचा रकाना वहीत कोरा ठेवला.

सोमवारी उर्सुला दारात दिसल्याबरोबर, तिने पिशवी खाली ठेवायच्या आतच, सुभद्राने सगळं सांगून टाकलं. छाटलेली पानं, लिहिलेले आकडे, दिराच्या वाडीतून आणलेला रोग, काही हातचं राखलं नाही. उर्सुला मागे गेली. झाडं बघून आली. वही चाळली. ती ओरडली असती तर सुभद्राला सोसलं असतं. तिने फक्त दोन गोष्टी विचारल्या, तारीख कोणती आणि आणखी कोणाला माहीत आहे का. कोणालाच नाही, असं कळल्यावर ती म्हणाली की सरांना मी सांगेन, तुम्ही बोलू नका.

सुभद्राचा जीव भांड्यात पडला आणि दोन दिवसांत परत बाहेर आला. कारण सर आले, सुट्टी संपली, कॉलेज भरलं, आणि सरांच्या वागण्यात काडीचाही फरक नव्हता; मागे केळींकडे ते कधी फिरकत नसत. उलट ते रोज उर्सुलाकडून मुलाखतीची तयारी करून घेत होते. सांगितलं असेल का? सांगितलं असतं तर सर असे शीळ घालत फिरले असते का? सुभद्रा चहा नेऊन ठेवताना त्यांचं तोंड न्याहाळायची. शेवटी ते एकदा म्हणाले, “काय सुभद्राबाई, माझ्या नाकावर माशी बसलीय का?”

डिसेंबरच्या अकरा तारखेला तिला उत्तर मिळालं. मुलाखतीची रंगीत तालीम म्हणून उर्सुलाने मोठा तक्ता फळ्यावर लावला. आलेखाच्या कागदावर दोन रेघा. औषधाच्या ओळीची हिरवी, खाली खाली राहणारी. बिनऔषधाची लाल, वर चढत जाणारी. खाली तारखा. तक्त्याला टाचण्या लावायला सुभद्राच होती. तारखा तिला वाचता येत होत्या. लाल रेघ सतरा ऑक्टोबरवरून चोविसावर गेली होती आणि तिथून एकतीसवर, कुठेही न थांबता; त्यापुढे तारीख नव्हती. तिने कठड्यावर बसून भीतीपोटी मनाने लिहिलेले आकडे मोठ्या झोकात वर चढले होते. सर म्हणत होते की किती सुंदर रेघ आहे बघा. ती दोन आठवड्यांची चढण हाच म्हणे या कामाचा कळस.

त्या संध्याकाळी ती बसला गेली नाही. उर्सुला एकटी उरेपर्यंत थांबली. कॉलेजात ती नेहमी जीभ सरळ करून बोलायची, आज ते जमलं नाही.

“उर्सुला, ते आकडे माझे हायत. झाडाचे नाय. ते नको गं नेऊस.”

उर्सुला तक्ता गुंडाळत होती. ती न बघता म्हणाली, “मावशी, रोग तसाच वाढला असता. तुम्हाला माहितेय, मला माहितेय.”

“हो. पण वाढला नाय ना.”

“मग काय करू? कुवेतला जाऊ?” उर्सुलाने तक्ता खाली ठेवला. “चूक तुमची आणि जायचं माझं?”

ते खरंच होतं. सुभद्रा घरी आली. शनिवार गेला, रविवार गेला. सरांचं घर पापडीला, चालत वीस मिनिटांवर. दोनदा ती घरातून निघाली आणि दोनदा नाक्यावरून परत आली. सांगितलं तर पोरीचा घात आपल्याच हातून दुसऱ्यांदा होणार. न सांगितलं तर पोरगी आपल्या खोट्यावर बंगळूरला जाणार आणि जन्मभर ते ओझं वाहणार, जसं आपण महिनाभर वाहतोय. एकदा पान तोडायला विचार न करता हात उचलला होता. या वेळी तिने तो उचलला नाही. पोरीचं आहे, पोरीने ठरवावं. असं ठरवून मनाला शांती मिळते म्हणतात, पण तिला काही मिळाली नाही.

चौदा तारखेला ती दिवसभर बरण्या पुसत होती. पंधराला उर्सुला आली नाही. सोळाला आली, आणि तिला बघताच सुभद्राला कळलं की जागा गेली.

उर्सुलाने मागे विहिरीपाशी नेऊन तिला सगळं सांगितलं. मुलाखतीच्या टेबलावर तिने तक्ता उघडला, तोंड उघडलं आणि लाल रेघेवरच्या सतरा तारखेपुढे तिला बोलवेना. तिथेच पेन काढून तिने पुढची रेघ खोडली. सांगितलं की चोवीस ऑक्टोबरच्या आदल्या दिवशी आमच्या अटेंडंट बाईंनी रोगट पानं छाटली, पुढचे आकडे खरे नाहीत. मग एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं की बाईंना असं करायला कोणी शिकवलं. उर्सुला म्हणाली, कोणीच नाही, आमच्या वाड्यांत सगळेच करतात. त्यावर ते म्हणाले की मग तुझ्या प्रयोगात त्या रीतीची एक ओळ का नाही? तुझ्याच लोकांना तू विचारलं नाहीस का? जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. उठताना प्राध्यापक म्हणाले की पुढच्या वर्षी तिसरी ओळ लाव आणि परत ये.

“पण पुढचं वर्ष माझ्याकडे नाही,” उर्सुला म्हणाली.

म्हात्रे सरांनी सुभद्राला बोलावून घेतलं. पानं छाटली याबद्दल ते काही बोलले नाहीत, खोट्या आकड्यांबद्दल मात्र इतकं बोलले की ती पदराने तोंड झाकून उभी राहिली. शेऱ्याचं काय होणार हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. आणि आश्चर्य असं की त्या दिवशी तिला त्याची भीती दुसऱ्या नंबरवर होती.

नाताळाला चार दिवस उरले असताना ती ऑगस्टीन डाबऱ्यांच्या वाडीत गेली. घरात नाताळच्या गोठ्याची, येशूजन्माच्या देखाव्याची तयारी चालली होती, ऑगस्टीन मागे केळीत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की ऑगस्टीनभाऊ, पोरीची जागा माझ्यामुळे गेली, तिला एक वर्ष द्या. त्याने आधी नीट सांग म्हटलं. तिने सांगितलं, छाटण्यापासून मुलाखतीपर्यंत.

“रोगट पान ठेवून करायचं काय? मी पन छाटलं असतं,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “त्या मुंबईच्या म्हाताऱ्यानं काय विचारलं म्हनालीस?”

तिने परत सांगितलं. आमच्या वाडीतली रीत काय, ती प्रयोगात का नाही, असं विचारलं.

“वयनी, चाळीस वर्सं वाडी करतोय,” ऑगस्टीन म्हणाला. “साहेब लोक आले ते सांगायलाच आले. विचारलं कोनीच नाय.” आणि मग कुवेतच्या मुलाच्या घरी काय सांगायचं ते मी बघतो, असं म्हणून तो पाटाच्या पाण्याकडे वळला.

म्हात्रे सरांनी शेऱ्यात काय लिहिलं ते सुभद्राला कधी कळलं नाही. पुढच्या वर्षाची नेमणूक मिळाली, तीही तात्पुरतीच.

ब्याऐंशीच्या जूनमध्ये विहिरीशेजारी तीन ओळी लागल्या, छत्तीस झाडं. पहिलीला औषध, दुसरीला काही नाही, आणि तिसरी सुभद्राची. उर्सुलाने कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलंही होतं. ओळ तिसरी, वाडीची रीत, सुभद्रा चुरी. सुभद्राने आपलं नाव तीनदा वाचलं आणि वही मिटून ठेवली. पाऊस ओसरला, सप्टेंबर सरत आला आणि एका सकाळी तिसऱ्या ओळीतल्या चौथ्या झाडाच्या खालच्या पानावर तपकिरी ठिपके उठले. उर्सुलाने तिला बोलावलं. म्हणाली, “मावशी, घरी करता तसंच करा. मी बघणार नाही, मोजणार फक्त.”

सुभद्राने कोयता काढला, पान डाव्या हातात धरलं. आणि थांबली. जो हात न विचारता जायचा तो जाईना. ठिपके नक्की करप्याचेच ना? पूर्ण छाटायचं की अर्धं? आजच, की शनिवारची मोजणी झाल्यावर? चाळीस वर्षांत हे प्रश्न तिला कधी पडले नव्हते. ती वळली आणि उर्सुलाला तिने विचारलं,

“काढू?”

उर्सुलाने वही खाली ठेवली. प्रयोगाच्या नियमाप्रमाणे तिने काही सांगायला नको होतं. ती सुभद्राजवळ आली, तिच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “काढा, मावशी.”

पान खाली पडलं. सुभद्रा पुढच्या झाडाकडे गेली, तिथलं पान तिने धरलं आणि पुन्हा मागे वळून बघितलं.